उबेच्या कपाटातलं

ताईचं डोकं फिरलं ते एका कार्डावरून. प्रदर्शनासाठी छापलेलं, जाड, महागड्या कागदाचं कार्ड होतं. त्यावर काळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी पाण्याची एक चपटी बाटली होती आणि खाली दोनच शब्द: 'ती आहे'.

"कोण आहे?" ताईनं विचारलं.

जावई काचपेटी पुसत होता. पुसून झालेली काच तो पुन्हा पुसायला लागला, तेव्हाच ताईला कळलं की पाणी कुठेतरी मुरतंय.

जावई म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आई त्याला जावई म्हणायची, म्हणून स्टुडिओतही सगळे त्याला जावईच म्हणायला लागले, अगदी कुरिअरवाल्यापर्यंत. काम कमी आणि मान जास्त असतो म्हणून त्याला ते नाव आवडतं, असं ताई धाकटीला चिडवायची. धाकटी होती तेव्हाची ही गोष्ट. आता चिडवायलाही कुणी उरलं नव्हतं.

स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं चपलांचं गोदाम. दमट हवेत अजूनही भिंतींना रबराचा वास येई. खालच्या बाजूला धाकटीचे पसरट टब होते. गोड चहात जिवाणू सोडायचे, वर जाड साय धरू द्यायची, ती वाळवून तिचे कोट शिवायचे, हे तिचं काम. ताई पूर्वी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होती. ती काचेच्या तबकड्यांवर रंगीत जिवाणूंनी चित्रं काढायची. आज काढलेलं चित्र परवा उगवायचं आणि त्याच्या मनात असेल तसंच उगवायचं. जावई या सगळ्याचे फोटो काढायचा. तैलचित्रं काढणाऱ्याला ब्रश धुऊन गावाला जाता येतं. या तिघांना ती सोय नव्हती. त्यांच्या कलेला भूक लागायची, सर्दी व्हायची, आणि लक्ष नाही दिलं तर ती मरायची. कुणीतरी एकानं मागे राहून सगळ्यांना खायला घालायचं, असा स्टुडिओचा रिवाज होता. आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा ताईच असायची.

"ताई, शांतपणे ऐक," जावई म्हणाला.

शांतपणे म्हटलं की ताईचा पारा चढतो, हे ओळखीतल्या सगळ्यांना माहीत होतं. याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

"मी तिची बाही माझ्या हातानं संपवलीये," ती म्हणाली. "तू समोर उभा होतास. मग बाटलीत कोण आहे?"

बाही ही धाकटीची शेवटची कलाकृती. आजार कळल्यावर तिनं स्वतःच्या दंडाच्या कातडीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून घेतला होता. ताईनं त्यातल्या पेशी वाढवल्या, रेशमाच्या जाळीवर चढवल्या आणि बाहुलीच्या मापाची एक बाही तयार केली. लोक ती बघायला येत आणि धाकटी खुर्चीत बसून त्या लोकांना बघत हसायची. तिनं ताईकडून वचन घेतलं होतं. "मी गेले की बाहीही गेली पाहिजे. मी नाही आणि माझी बाही आहे, असला चावटपणा नको." धाकटी गेली. शेवटचं सगळं उरकून ताई घरी न जाता थेट स्टुडिओत आली, बाहीवर ब्लीच ओतलं आणि मग जमिनीवर बसून पोटभर रडली. ते रडणं तिला पुरलं होतं, निदान तिची तशी समजूत होती.

"ती तिची कातडी होती," जावई म्हणाला. "हे वेगळं आहे. ऑपरेशनच्या वेळचं. गाठीतलं."

ताईला आधी नीट कळलंच नाही.

"गाठीचा एक तुकडा तिनंच मागून घेतला होता. तिला बघायचं होतं ते कसं दिसतं. तुझं बघून शिकलो होतो तशा मी पेशी वाढवल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या."

"तिनं बघितल्या?"

"एकदा."

"आणि काय म्हणाली?"

तो काच पुसायचा थांबला. "म्हणाली, टाकून दे. मला टाकवेना, ताई. तू समजून घे. ती रोज कमी कमी होत होती आणि तिचं एवढंच एक वाढत होतं."

हे ऐकून कुणालाही त्याची दया आली असती. ताईलाही आली, क्षणभर. पण त्याच क्षणी त्याची नजर कोपऱ्यातल्या इन्क्युबेटरकडे गेली आणि दया जिथल्या तिथे विरून गेली. अंगाच्या उबेइतकी ऊब धरून ठेवणारं ते कपाट. सगळे त्याला उबेचं कपाट म्हणत. त्याच्या खालच्या फळीवर चपट्या बाटल्या आडव्या ठेवलेल्या होत्या आणि त्यांच्यावर जावयाच्या अक्षरात लिहिलं होतं: 'सराव'.

सरावाच्या पेशी प्रत्येक प्रयोगशाळेत असतात. कुण्या अनोळखी माणसाच्या, कधीकाळच्या, चिवट आणि न मरणाऱ्या. शिकाऊ लोकांनी त्यांच्यावर हात बसवायचा. कितीही वाढल्या तरी त्यांच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही, कारण वाढत राहणं हाच त्यांचा गुण. ताईनंही बघितलं नव्हतं. जावई प्रदर्शनाच्या कामाला जायचा आणि सांगून जायचा, "ताई, सरावाच्या पेशींचं तेवढं बघ." आणि ताई बघायची. जुनं खाद्य उपसून टाकायची, नवं खाद्य हाताला कोमट लागेपर्यंत गरम करायची आणि हळूच कडेनं ओतायची, पेशींना धक्का बसू नये म्हणून. एकदा अंगात ताप असतानाही आली होती, त्या उपाशी राहू नयेत म्हणून. कशी गुटगुटीत झालीत लेकरं, असंही त्यांना म्हणाली होती. शेवटी शेवटी धाकटीच्या पोटात सूपचा एक चमचा ठरत नव्हता. तिला जे खात होतं त्याला ताई वेळच्या वेळी भरवत होती.

"तू माझ्याकडून हे करून घेतलंस," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढवला असता तर फुटला असता.

"तुझ्याइतकं नीट कुणाला जमतं?" जावई म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की तो तिचं कौतुक करतोय. "तुझ्यामुळे तर ती आहे अजून."

"ती नाही." आता मात्र आवाज चढला. "ती नाही, ऐकू येतंय का तुला? हे तिला खाऊन गेलं. घरात चोर शिरला, माणूस मारून बसला, आणि तू त्या चोराला सोफ्यावर बसवून लोकांना सांगतोस की ही माझी बायको."

"तिच्या अंगातलंच आहे ना ते?"

"मग तिचा ताप का नाही ठेवलास काचपेटीत? तिच्या उलट्या का नाही ठेवल्यास? त्यांना कार्ड नसतं छापता आलं म्हणून?"

जावयाचे डोळे भरून आले. त्याचं दुःख खोटं नव्हतं, आणि ताईला सगळ्यात जास्त राग त्याचाच येत होता. खोटं असतं तर चपलेनं हाणून मोकळं होता आलं असतं. खऱ्या दुःखाला त्यानं दिवे लावले होते, पेटी केली होती, उद्घाटनाची वेळ ठरवली होती.

ताईनं पेटीत वाकून बघितलं. बाटली ठेवायच्या जागेखाली मुठीएवढा एक स्पीकर बसवलेला होता.

"आणि हे काय?"

"आवाज. आईंचा."

आई रोज दुपारी स्टुडिओत यायची. तिनं आयुष्यभर शाळेत मुलींना शिवण शिकवलं होतं. धाकटीचे सायीचे कोट पहिल्यांदा बघितले तेव्हा तिनं फक्त टाके कसे आहेत ते पाहिलं आणि दोन ठिकाणी उसवायला लावलं होतं. धाकटी गेल्यापासून ती येऊन उबेच्या कपाटासमोरच्या स्टुलावर बसायची, हातात चहा घ्यायची आणि काचेच्या दारातून आत बघत पुटपुटत राहायची. तिचे गुडघे धरतात, तिथं ऊब लागते म्हणून बसत असेल, असं ताई समजत होती. म्हातारी माणसं पुटपुटतातच, त्यात काय एवढं, असंही समजत होती.

"मी कपाटावर माइक ठेवला होता," जावई म्हणाला. "शब्द कळत नाहीत, नुसती कुजबुज आहे. मलाही शब्द नकोच होते. आई आपल्या लेकीशी बोलतेय, एवढं लोकांना पुरे. ऐक तर."

त्यानं मोबाइलवर काहीतरी दाबलं. पेटीतून बारीक, खरखरीत गुणगुण यायला लागली. एखादी बाई बाळाला थोपटत असावी तशी.

"आईला विचारलंस?"

"विचारलं असतं तर त्या बोलायच्या थांबल्या असत्या."

"आणि तिला सांगितलंस काय? हे काय आहे म्हणून?"

"खरं तेच सांगितलं. गाठीतलं आहे, अजून जिवंत आहे. म्हटलं, आई, ती इथं आहे. तेव्हापासून त्या रोज येतात." त्यानं आवाज खाली आणला. "ताई, त्यांचं दुःख हलकं झालंय यामुळे. तुला माझ्यावर चिडायचं तर चीड, पण त्यांच्याकडून हिला काढून घेऊ नकोस."

ब्लीचचा कॅन सिंकखाली होता. चार पावलांवर. ओतलं तर आईची लेक दुसऱ्यांदा मरणार, आणि या वेळी ताईच्या हातून. नाही ओतलं, तर आईची गुणगुण ऐकत अनोळखी लोक या पेटीभोवती उभे राहणार, आणि त्या मारेकऱ्याकडे बघून त्यांचे डोळे पाणावणार. दोन्हीकडून तोंड बंद. जावयानं तिला अगदी बरोबर अडकवलं होतं, आणि तेही डोळ्यांत पाणी आणून.

तेवढ्यात दार ढकलून आई आत आली. पिशवी खांद्यावर, चष्मा कपाळावर. स्पीकर चालूच होता. ती दोन पावलं चालली आणि थांबली.

"हा माझा आवाज आहे का?"

जावई मोबाइल शोधायला लागला, जो त्याच्याच हातात होता.

"बंद नको करू. वाढव," आई म्हणाली. शाळेतला आवाज होता तो. जावयानं वाढवला.

गुणगुण मोठी झाली आणि तिच्यातून शब्द वर आले.

"...मेल्या, आहेस का अजून? आहेस. बघा कसा फुगलाय. माझ्या पोरीला आतून पोखरलंस, तिच्या तोंडचा घास काढलास, आणि इथं उबेत पडून मजा मारतोयस. तुझं वाटोळं होईल. कुत्रं विचारणार नाही तुला. नुसता एकदा सापड मला बाटलीबाहेर, तुझा चेंदामेंदा नाही केला तर नावाची नाही मी..."

मध्येच चहाचा घोट घेतल्याचा आवाज. मग पुन्हा, तितक्याच संथ, रोजच्या कामासारख्या लयीत:

"...आणि माझी मोठी तुला भरवते. स्वतःच्या हातानं भरवते. तिला काय झालंय कळत नाही मला. तिला पण विचारणार आहे एक दिवस. सोडणार नाही तिला पण..."

जावयानं आता मात्र बंद केलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. इतके दिवस त्यानं हे कानाला लावून ऐकलं होतं, कमी-जास्त करून, खरखर काढून, आणि त्याला त्यात अंगाई ऐकू आली होती.

ताई मात्र आईकडे बघत होती. ज्या आईला वाचवायचं कसं या विवंचनेत ती होती, ती आई तिला रोज बघत होती. हातमोजे घातलेली, खाद्य कोमट करणारी, 'गुटगुटीत झालीत लेकरं' म्हणणारी मोठी मुलगी. स्टुलावर बसून आईनं ते सगळं पाहिलं होतं आणि चहा प्यायला होता.

"मला माहीत नव्हतं, आई. त्याच्यावर सराव लिहिलंय."

"हो का."

"शपथ."

आईनं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पोरींची शिवण तपासायची तसं तिला वरपासून खालपर्यंत तपासलं. मग मान हलवली. "मला वाटलं, तुम्ही कलाकार माणसं. तुमच्यात चालत असेल."

हे ताईला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. आईनं चुकीचं वाटून घेतलं होतं असंही म्हणवेना. तिच्यासमोर ती पेटी होतीच की, लख्ख पुसलेली.

"तू मला म्हणालास, ती इथं आहे," आई जावयाकडे वळली. "मी आत बघितलं आणि म्हटलं, बरं झालं. कोंडलाय एकदाचा. आता रोज येऊन याचं तोंड बघते आणि काय बोलायचं ते बोलते. इस्पितळात तर बोलता आलं नाही. तिच्यासमोर हसायला लागायचं."

"आई, ते गेलं की तिचं काहीच उरणार नाही," जावई म्हणाला.

"तिनं बघितलं होतं हे?"

तो पुन्हा काचेकडे वळला.

"एकदा," ताई म्हणाली. "आणि टाकून दे म्हणाली होती."

"मग तिचं काय ठेवलंस तू?" आईनं विचारलं. "तिचा शब्द तर टाकलास. हे तेवढं ठेवलंस."

जावई खाली बसला, काचपेटीला पाठ लावून. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. ताईनं सिंकखालून कॅन काढला, हातमोजे चढवले आणि कपाटाचं दार उघडलं.

"थांब," आई म्हणाली. "त्यानं काय होईल?"

"मरेल. लगेच."

"लगेच नको." आईचा आवाज अगदी साधा होता, भाजी निवडताना बोलावं तसा. "माझी पोर किती दिवस उपाशी होती. याला कशाला लगेच? याचं खाणं कुठे असतं?"

ताईनं फ्रीजकडे बोट केलं. आईनं फ्रीज उघडला, खाद्याच्या बाटल्या काढल्या, एकेक रुमालात गुंडाळून पिशवीत भरल्या आणि पिशवीची चेन ओढली. नवं खाद्य मागवायचं तर दिवस जातात, हे ताईनं तिला सांगितलं नाही. आईला ते कळलेलं दिसत होतं.

"बघू आता," ती कपाटाला म्हणाली, आणि निघून गेली.

प्रदर्शनवाल्या बाईंचा फोन आला तो ताईनं घेतला. बाटली कधी पाठवताय, असं त्या गोड आवाजात विचारत होत्या. ताई म्हणाली, पाठवत नाही. बाई म्हणाल्या, कार्डं वाटून झालीत. ताई म्हणाली, मग त्या कार्डांवर लिहा की ती नाही. इकडून फोन ठेवला गेला. जावयानं हे सगळं ऐकलं आणि तो एक अक्षर बोलला नाही. एवढं एक शहाणपण त्याला सुचलं.

पुढचे दिवस आई येतच राहिली. स्टूल तेच, चहा तोच, पण आता पुटपुटणं बंद. ती फक्त बघायची. पेशींना नवं खाद्य मिळालं नाही की गुलाबी पाणी आधी नारिंगी होतं, मग पिवळं. ताईनं तिला रंगांचा अर्थ सांगून ठेवला होता. जावईही यायचा आणि दाराशी उभा राहायचा. ताईचे हात मात्र शिवशिवायचे. एवढ्या वर्षांची सवय. पाणी पिवळं दिसलं की हात आपोआप हातमोज्यांकडे जायचे आणि ती स्वतःवरच भडकायची. रात्री अंथरुणात तिला उगाच वाटायचं की काहीतरी भरवायचं राहिलंय.

शेवटी एका दुपारी पाणी गढूळ झालं. काचेला धरून बसलेल्या पेशी सुटून कोंड्यासारख्या तरंगायला लागल्या. आईनं वाकून बघितलं.

"झालं का?"

"होत आलंय."

मग तिनं विचारलं, "त्याला कळतंय ना?"

"काय?"

"की मी त्याला उपाशी मारलं."

दाराशी उभ्या जावयानं ताईकडे बघितलं. खोटं बोल, असं त्याचे डोळे सांगत होते, आणि पहिल्यांदाच दोघांच्या मनात एकच गोष्ट आली होती. हो म्हटलं की आईचं समाधान झालं असतं. पण या कपाटासमोर खोटं आधीच फार बोलून झालं होतं.

"नाही, आई," ताई म्हणाली. "त्याला काही कळत नाही. भूक कळत नाही, दुखत नाही. शिव्याही ऐकू येत नव्हत्या."

"आणि तिला खाल्लं तेव्हा?"

"तेव्हाही काही कळत नव्हतं."

आई सरळ झाली. तिनं पिशवीची चेन उघडली, नासलेल्या खाद्याच्या बाटल्या काढून टेबलावर ओळीनं मांडल्या आणि रुमाल घडी करून परत आत ठेवला.

"टाक मग," ती म्हणाली. "सगळंच टाक."

ताईनं कॅन उचलला. जावई पुढे आला आणि त्यानं एकेका बाटलीचं झाकण फिरवून काढलं. ब्लीच आत गेलं आणि पिवळं पाणी पांढुरकं झालं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

आई स्टुलावरून उठली नाही. रिकाम्या फळीकडे बघत तिनं विचारलं, "मग आता मी शिव्या कुणाला घालू?"

ताईनं कपाटाचं बटण बंद केलं. ते थंड व्हायला बराच वेळ लागतो, आणि तोवर आई तिथंच बसून होती.